पहिलटकरणीचा जिल्हा

"पहिलटकरीण सासरी बाळंत होते का, नाना?" अक्का ओरडली, आणि असोद्यातल्या आमच्या गल्लीतली कबुतरं उडून थेट जळगावला जाऊन बसली.

खोटं वाटतं? तुम्ही तिचा आवाज ऐकलेला नाही. तिनं केळीच्या बागेतून हाक मारली की फाट्यावरची बस थांबायची. मी तिचा शेजारी. माझी मोटरसायकल कागदोपत्री माझी होती, एवढंच.

भांडण नारळाचं होतं. कुळदेवीच्या पूजेत पहिला नारळ थोरल्या घराचा. थोरले म्हणजे अक्काचे सासरे, कधीच वारलेले. पण तिचा चुलत दीर नाना, धाकट्या घरातला, म्हणायला लागला की थोरले काका आपल्या रक्ताचे नव्हतेच, कुठून तरी आणून वाढवलेले. पुरावा काय, तर जळगावच्या कचेरीतलं जन्माचं जुनं दप्तर. त्यात असोद्याच्या पानांवर बाकी सगळी भावंडं सापडली, थोरले तेवढे नाहीत. त्या वर्षी नारळ नानानं फोडला. अक्काचा मुलगा मान खाली घालून मागं उभा राहिला. ते अक्काच्या घशाखाली उतरेना.

वरची आरोळी त्याच संध्याकाळची. हसू नका, वंशावळ शोधण्याचं अख्खं शास्त्र त्या एका ओळीत आहे. आपण सगळे आजोबांचा जन्म आजोबांच्याच गावात शोधतो. अक्का म्हणायची, "बाप कुठला ते राहू दे. आई कुठली ते सांग." पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पोर जिथं रडलं तिथं नोंद. थोरल्यांच्या आईचं माहेर दोंडाईच्याजवळ. म्हणजे तालुका शिंदखेडा. जिल्हा आजचा धुळे, तेव्हाचा पश्चिम खानदेश. असोदा पडला पूर्व खानदेशात. पूर्वेचं दप्तर जन्मभर चाळलं तरी पश्चिमेत रडलेलं पोर त्यात कसं सापडणार?

सुरतेकडच्या गाडीनं आम्ही शिंदखेड्याला निघालो. डब्यात अक्कानं सगळ्यांच्या आज्यांची माहेरं विचारून घेतली. असाच जुना दाखला शोधायला निघालेल्या एकाला तर तिनं अमळनेरला उतरवून परतीच्या गाडीत बसवलं, की बाबा, तू उलट्या जिल्ह्यात चाललायस.

कचेरीत मोडी वाचणारे एक आबा होते. थोरल्यांचं नाव त्यांना कुठंच दिसेना.

"बारशाआधी नाव कुठून येईल, आबा? बापाचं बघा."

आबांचं बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. "शे, अक्का. पोऱ्या शे. बाप असोदाना."

मुलगा. बापाचं पूर्ण नाव, राहणार असोदा, पूर्व खानदेश. खबर देणारा, आईचा बाप.

तेव्हा अक्का ओरडली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि तेवढा वेळ सातपुड्यापर्यंत सगळं गप्प होतं.

अक्का जाऊनही आता बरेच दिवस झाले. कबुतरं परत आलीत. गल्लीत कुणी हळू बोललं तरी ऐकू येतं, आणि मला ते आवडत नाही. मग मी नानाच्या ओट्याकडं बघतो. दाखल्याची नक्कल घेऊन ती तिथंच उभी राहिली होती, साडीवर प्रवासाची धूळ तशीच, आणि शिक्क्यासकट सगळं तिनं अशा आवाजात वाचलं की भादलीपर्यंतच्या सोयऱ्यांना वेगळं कळवावं लागलं नाही.

नाना पानाला चुना लावत होता. त्यानं ऐकून घेतलं, विडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "बरं. नारळ तुम्ही आणा."