बाबांची सही, बाईंचा हात

शेवंताबाई गेल्याचं मला शिरूरच्या एस.टी. स्टँडवर कळलं. त्यांचे धाकटे भाऊ मारुतीआप्पा दौंडच्या गाडीतून उतरले, मला पाहून थांबले आणि म्हणाले, "ताई गेली..."

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. त्यांचे वडील दौंडला रेल्वेत पाट्या रंगवत आणि घरी तैलचित्रं काढत. ते वारल्यावर त्यांच्या चित्रांना पुण्या-मुंबईत नाव आलं, आणि नावामागोमाग नकलाही आल्या. बाहत्तरच्या दुष्काळानंतर एका संग्रहालयानं त्यांचं शेवटचं चित्र मागितलं. दौंडच्या विहारातला, डोळे मिटलेला बुद्ध. तज्ज्ञांनी तपासलं, सही खरी निघाली. आप्पांना आनंद मावेना. तेवढ्यात बाईंनी सांगितलं की चित्र बाबांचं नाही, आपलं आहे. अखेरीस बाबांचा हात कापायचा. रंगवायच्या त्या, आणि ते कशीबशी सही करायचे.

कुणाला पटेना. बापाची कीर्ती पोरीला हवी, असं कुणीतरी दारातच बोललं. आप्पा तर चिडलेच. "ताई, बाबांचं नाव पुसती व्हय?"

"न्हाई रं. जे त्यांचं न्हाई ते त्यांच्या नावावर खपवलं, तर जे त्यांचं हाय त्याच्यावर बी कोण इस्वास ठेवील?"

मग त्यांनी कोरा कॅनव्हास मागवला आणि मूळ चित्र विहाराच्या अंगणात ठेवायला लावून त्याच्याकडे पाठ करून बसल्या. मी शेजारीच होते. आधी नुसता मातकट रंग, मग गालाची सावली... आणि मग पापण्या. मिटलेल्या, तरी आत कुणी जागं असावं अशा. बोलणारे एकेक करून जवळ येऊन बघू लागले. तज्ज्ञ दोन्ही चित्रांपुढं बराच वेळ उभे राहिले. हात एकच आहे, एवढंच म्हणाले.

संग्रहालयानं चित्र नेलं नाही. सही खरवडून बाईंचं नाव घालावं, असं काहींनी सुचवलं, पण बाई तयार होईनात. "सही करताना आधाराला त्यांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं हुतं. ती राहू द्या."

परवा आप्पांबरोबर बाईंच्या शिरूरच्या खोलीवर गेले. चित्राच्या लाकडी घोडीवर घोडनदीचं अर्धं चित्र होतं, सही नसलेलं. पाण्यावरच्या उजेडाला बाई ब्रश लावत नसत, रंग अंगठ्यानं दाबत. त्या वाळलेल्या रंगात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. आप्पांनी त्यांवर आपला अंगठा हळूच टेकवला, आणि तसाच ठेवून ते उभे राहिले...