उशीवर बसू नये

एका जागी आठ वर्षं नोकरी केली की किस्से साचतातच. कुवेतच्या महबूला भागातल्या आमच्या मैत्रिणी ते ऐकून खदाखदा हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं! तरी सांगते.

मी दापोलीला शेती शिकले आणि कुवेतमध्ये एका खाजगी बागेच्या काचघरात नोकरीला लागले. बाहेर पन्नास डिग्री, आत बारा! तिथे न्यूझीलंडच्या डोंगरमाथ्यावरची एक वनस्पती होती. धुकं, गारवा आणि कायम ओली जमीन, एवढंच तिला हवं. बारीक बारीक फांद्या इतक्या दाटीनं वाढतात, की लांबून हिरवीगार उशीच वाटते. आम्ही तिला उशीच म्हणायचो. ती सांभाळायचे हनीफभाई. दाभोळजवळचे, साठीला टेकलेले, कुवेतच्याच खैतान भागात एका खोलीत राहणारे.

*

उद्घाटनाच्या दिवशी एक पाहुणे फोटोसाठी चक्क उशीवर बसले. मी ओरडत धावले. मॅनेजर सावंत मलाच म्हणाले, "मॅडम, गेस्ट आहेत, आवाज खाली!"

दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांची लेखी तक्रार आली. उशी फार कडक आहे!

*

सावंतांना झाडं म्हणजे फर्निचर. दर महिन्याला विचारायचे, "ही वाढत का नाही?"

मी सांगायचे, "सर, ही वर्षाला नखाएवढी वाढते."

"मग खत डबल करा."

हनीफभाई मान खाली घालून म्हणाले, "साहेब, तुमची पोरगी सावकाश वाढते म्हणून तिला दोन ताटं जेवायला घालताव काय?"

सावंत आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता!

*

माझी मुलगी एकदा काचघरात आली. मी उशीवर पाण्याचा बारीक फवारा मारत होते. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मम्मा, यू नेव्हर टॉक टू मी सो सॉफ्टली."

तो राग कोणावर काढायचा, सांगा.

*

मग सावंतांनी वीज वाचवायचं ठरवलं. गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी स्वतः एसी बंद केला. शुक्रवार, शनिवार सुट्टी. रविवारी आम्ही दार उघडलं तर आत भट्टी! उशीवर तळहाताएवढे तपकिरी डाग पडले होते. हनीफभाई तिथेच खाली बसले.

दुपारी त्यांच्या हातात नोटीस पडली. 'जास्त पाणी घातल्यामुळे वनस्पती खराब.' नोकरी गेली की इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवानाच गेला. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न तीन महिन्यांवर होतं.

मी तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा कागद काढला आणि तरातरा मुदीरांच्या, म्हणजे आमच्या कुवेती डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. दोन दिवसांचे आकडे त्यांच्यासमोर ठेवले. सावंत मागोमाग आले. "सर, मशीन खराब आहे!"

हनीफभाई दारातून हिंदीत म्हणाले, "मशीन खराब है, तो मशीन को नोटिस दो ना!"

मुदीरांनी कागद नीट वाचला, नोटीस फाडली. सावंतांना एकच वाक्य सुनावलं. "ही पुन्हा हिरवी झालेली मला दिसली पाहिजे."

*

दीड महिन्यानं न्यूझीलंडहून एक वयस्क बाई काचघर बघायला येणार होत्या. सगळं आयुष्य त्यांनी याच वनस्पतींवर काम केलेलं. डाग तसेच होते. निदान कोवळे कोंब तरी काठाला दिसायला लागले होते.

त्या दिवशी सकाळी मी पोचले तर काचघरात रंगाचा वास. सावंतांनी डागांवर हिरवा रंग फासला होता! कोंबांसकट! हनीफभाई फडक्यानं एकेक कोंब पुसत बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पाहुणी, मुदीर, फोटोग्राफर, सगळे आत आले.

बाई उशीसमोर गुडघ्यांवर बसल्या. हलकेच हात ठेवला. त्या दमट हवेत रंग वाळला नव्हता. तळवा उचलला तर हिरवागार.

सावंत घाईघाईनं म्हणाले, "व्हेरी फ्रेश, मॅडम!"

बाई उठल्या. सावंतांचा हात आपल्या त्याच हातात घेऊन घट्ट दाबला, बराच वेळ.

लांबून बघणाऱ्या मुदीरांना वाटलं, बाई खूश झाल्या. पांढऱ्याशुभ्र दिशदाशात, म्हणजे पायघोळ अरबी झग्यात, ते हसत पुढे आले आणि सावंतांना मिठी मारायला त्यांनी दोन्ही हात पसरले.