मोरीच्या पोटातले लाल ओघळ

माझी सासू बुधी भाकरीचा पहिला तुकडा कोंबडीला टाकायची. कोंबडी जरा वेळ इकडं तिकडं फिरली की मगच आपण खायची. मी नवी नवरी, भाकरी माझ्या हातची. वाईट वाटायचं. ती म्हणायची, "रागावू नको पोरी. मी देवाच्या निवदालापण हुंगते."

आधी ती अशी नव्हती म्हणे. संस्थानचं राज्य होतं. मोखाड्याच्या वाटेवर ओहोळावरून गाड्या जायला सिमिटाची मोरी बांधली. सासरा तिथं मजुरीला गेला तो परत आलाच नाय. ठेकेदार म्हणाला, काम सोडून गेला. सासू म्हणाली, "त्याचा कोयता इथंच पडलाय. कोयत्याबिगर तो झाडामागंपण जात नाय."

मोठ्या बांधकामाला माणसाचा बळी लागतो, असं लोक तेव्हा बोलायचे. दोन-तीन पावसाळे गेले. मोरीला खालून तडे गेले, त्यातून लाल ओघळ आले. सासू बघून आली ती चुलीपाशी बसली. "रक्त हाय. यांनी त्याला आत घातलाय."

कुंकू ठेवायचं का पुसायचं, तेच तिला ठरवता येईना. पाड्यावरच्या बाया विचारायच्या. "मोरीला विचारा," म्हणायची.

मग मी लगीन होऊन आले त्याच वर्षी दुरुस्तीला दर्याकडचा मिस्त्री आला. सासू मला घेऊन मोरीखाली उतरली.

"आत कोण हाय?"

"सळया हायत मावशी. खाडीची वाळू घातली, तिच्यात मीठ. सळया गंजल्या, फुगल्या, सिमिट फोडलं. गंज ओघळतोय."

"एवढं पाठ कुणी करून दिलं? ठेकेदारानं?"

"तुझ्या डोळ्यांपुढं खोटं बोलून जाऊ कुठं?"

"मग फोड. माझ्यासमोर."

त्यानं हातोडा मारला. जखमेवरची खपली निघावी तसा सिमिटाचा तुकडा पडला. आत सळई, साल सुटलेल्या काटकीसारखी. सासूनं बोट घासलं, चाटलं. "इथं नाय. तिकडं फोड." तिथंपण सळईच. लाल दिसली ती सगळी जागा तिनं फोडून घेतली. हाड नाय, केस नाय, चिंधी नाय.

मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल. म्हटलं, "आये, नाय ना आत. जिता असंल कुठंतरी."

ती ओल्या दगडावर बसली. बोटाचा गंज लुगड्याला पुसला.

"आत असता तर बरं होतं गं," म्हणाली. "मारला म्हणता आलं असतं. आता मला टाकून चालत गेला म्हणायचं."