आईच्या ताटातला दहीभात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला कधी पाहिलेलं नाही.

निफाडजवळच्या आमच्या वस्तीत बड्याचं, म्हणजे बैलाचं, मटण शिजायचं. बोकडाचं परवडत नव्हतं म्हणून. आणि आवडायचं म्हणूनही. हे दुसरं कारण मी पुढे विसरलो. विसरलो — की लपवलं? आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आईने लोकांच्या द्राक्षबागांत राबून शिकवलं. नाशकात नोकरी लागली आणि ती देणाऱ्या साहेबांचे मी इतके उपकार मानायचो, की विनोद कळायच्या आधीच हसायचो. आडनावावरून त्यांना माझी जात कळत नव्हती. ती कळू न देणं हीच माझी खरी नोकरी होती.

साहेब जर्मनीत राहून आलेले. तिथल्या स्टेकबद्दल बोलताना त्यांचे डोळे मिटायचे. मांस तेच — पण जाड काप, वर लोणी नि मिरपूड, की ती संस्कृती! नव्वदचं दशक सरता सरता मी ओव्हन घेतला आणि साहेब-मॅडमना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

सरावाचा पहिला स्टेक चपलेच्या तळासारखा झाला. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. खूप हसली.

"आरं, जनावर म्हातारं आसंल. पपई लाव की त्याला."

मग पिशवी घेऊन खाटकाकडे तीच गेली — मला कुणी पाहिलं असतं तर? तुकडा तिने निवडला, मांसाच्या धाग्यांना आडवा कापून घेतला, कच्ची पपई वाटून चोळली, तासाभराने पुसून काढली. मी काय केलं? तव्यावर दोन्ही बाजू लाल केल्या नि ओव्हनचं बटण फिरवलं. ती काचेतून आत बघत राहिली. "चुलीपरीस गुमान काम करतंय हे," म्हणाली.

टेबलावर चार ताटं होती. साहेबांची सुरी अलगद आत गेली. "अरे, कुठे शिकलास हे?" पुस्तकात वाचून, मी म्हणालो. हे खोटं तर किरकोळच. मग मॅडमनी विचारलं, "आईंना चालतं हे?"

चालतं म्हटलं, तर ते आमच्या घरचंच खाणं ठरलं असतं — आणि मग मी कोण, तेही. चालत नाही म्हटलं, तर मी धाडसी, सुधारलेला, आईच्या पुढे गेलेला. एवढी हुशारी मला घास गिळायच्या आत सुचली. याच्यासाठीच शिकलो होतो ना!

"छे, आई शुद्ध शाकाहारी. तिला वाससुद्धा सहन होत नाही."

आईचा हात ताटाकडे गेला होता. तो तिने मांडीवर ठेवला. तिच्या ताटातला स्टेक मी मॅडमना वाढला — आग्रह करून — आणि तिला दहीभात दिला. तिने तो आमच्यासमोर शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना तिने एवढंच विचारलं, "मऊ झालं व्हतं का रं?"

झालं होतं, म्हणालो. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

त्यानंतर माझ्या घरी तिने कधी मटण खाल्लं नाही. पाहुणे नसले तरी. एकदा वाढायला गेलो तर म्हणाली, "लोकास्नी सांगून बसलायस ना? ऱ्हाऊ दे मग." पुढे लग्न झालं, बायकोला वाटायचं, वयामुळे सोडलं असेल. माझं खोटं आई मरेपर्यंत पाळत राहिली, आणि मला ते सोयीचं होतं. सोयीचं — याहून बरा शब्द मला सापडत नाही.

ती गेली तेव्हा साहेब-मॅडम भेटायला आले. मॅडमचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "किती सात्त्विक बाई होत्या!"

मी हो म्हणालो.