गळ्यातलं कार्ड

वैशाली आठवडी बाजारात भाजी घ्यायला जायची तीसुद्धा गळ्यात कंपनीचं कार्ड घालून. सुट्टीचा दिवस, अंगावर साधी सुती साडी, हातात पिशवी, आणि निळ्या फितीला लटकलेलं कार्ड, फोटो न् नाव बरोबर समोर येईल असं. आम्ही बाकीच्या बायका गेटातून बाहेर पडलो की कार्ड आधी पर्समध्ये कोंबायचो. एकदा शिरूरच्या बाजारात तिला गाठून मी म्हणाले, "अगं, कोथिंबीर घ्यायला पण पंचिंग करावं लागतं का तुला?" ती खळखळून हसली. मग म्हणाली, "मंगलताई, कार्ड नसलं ना, की मी तोंड उघडायच्या आत मानसं दहाची नोट काढून हातावर ठिवत्यात. कार्ड दिसलं म्हंजी भाजीचा भाव सांगत्यात."

वैशाली तृतीयपंथी होती. कासुर्डीच्या एका शेतकरी घरात मुलगा म्हणून जन्मली, पुढे घर सुटलं, आणि पोटासाठी तिने बरीच वर्षं बाजार मागितला. म्हणजे दुकानादुकानापुढे उभं राहून टाळी वाजवून पैसे घेतले. ते सोडून ती रांजणगावला आमच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागली. गाड्यांच्या वायरींचे जुडगे तयार करायचं आमचं काम. कार्डावर 'वैशाली' असं छापून आलं त्या दिवशी तिने सगळ्या लाइनला पेढे वाटले. निम्म्या बायकांनी पेढा घेतला, निम्म्यांनी 'उपास आहे' म्हणून सांगितलं. एवढे उपास आमच्या लाइनवर एकाच दिवशी कधी पडले नव्हते.

तिची माझी ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. मी निमोण्याहून शिरूरला येऊन ती बस धरायचे. बस कितीही भरली तरी वैशालीच्या शेजारची जागा रिकामी असायची. लोक दांडी धरून उभे राहत, पण तिथे टेकत नसत. एके दिवशी मी सरळ जाऊन बसले. मी काही समाजसुधारक नव्हे. माझे गुडघे दुखत होते, एवढंच. तिने पदर आवरून घेतला, खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "बसा निवांत. मी चावत न्हाई." मग पिशवीतून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्यापुढे धरली. पुढे ती जागा माझी ठरूनच गेली.

कामात ती शांत होती. तयार माल तपासायच्या टेबलावर तिला बसवलं होतं. कुणी टवाळी करत टेबलापाशी घुटमळलं, तर मान वर न करता म्हणायची, "आधी माल बघा, मग मला बघा." बायकांच्या बाथरूमला तिने जायचं नाही असं तोंडी ठरलं होतं. पुरुषांकडे ती कशी जाणार? तिला पार मेन गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाथरूमला जावं लागे, आणि परत आली की सुपरवायझर उशीर झाला म्हणून ओरडे. मला संताप यायचा. ती म्हणायची, "पानी कमी प्यायचं. आता सवय झाली." हे ती इतक्या सहज बोलायची की ऐकणाऱ्याच्याच घशाला कोरड पडावी.

तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, ब्रेकची. ठेकेदाराच्या माणसांना काही महिने झाले की ब्रेक मिळतो. कार्ड गेटवर जमा करायचं, घरी बसायचं, बोलावणं आलं की पुन्हा नवं कार्ड. आम्ही त्या दिवसांत गोधड्या धुऊन घ्यायचो, माहेरी जाऊन यायचो. वैशालीचा मात्र ब्रेक जवळ आला की घास उतरत नसे. "तुमाला घर हाय," ती म्हणायची. "मला न्हाई बोलावलं, तर मला त्यो बाजारच हाय."

त्या वर्षी आमचा सगळ्यांचा ब्रेक दसऱ्यानंतर होता. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. आम्ही मशिनी पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या, एक नवी मशीनही आली होती. पूजेला कंपनीचे मोठे साहेब आले. साहेब तसे भले. त्यांच्यामागे शिपायाच्या हातात ताट होतं. ताटात साडी, नारळ आणि एक पाकीट. ते थेट वैशालीच्या टेबलाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "तुमचा आशीर्वाद फार शुभ असतो म्हणतात. नव्या मशीनला तुमचा हात लागू द्या." सगळी लाइन बघत होती. सुपरवायझर तिच्या कानाशी पुटपुटला, "हो म्हण. साहेब खूश झाले तर ब्रेकचं बघतील." मी शेजारीच होते. मला मनापासून वाटलं, लाव बाई हात आणि मोकळी हो.

वैशाली उठून उभी राहिली. ताटाकडे पाहिलं. मग तिनेही हात जोडले.

"साहेब, आशीर्वाद देवाकडं मागा. मी हितं कामाला येते."

"अहो, मी मानच देतोय तुम्हाला," साहेब गोंधळून म्हणाले.

"मान ऱ्हाऊ द्या साहेब. हजेरी लागू द्या."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच कळलं नव्हतं की आपलं काय चुकलं, आणि मला त्यांचीही थोडी कीव आली. नारळ शेवटी सुपरवायझरने फोडला. वैशालीने प्रसादाचं खोबरं खाल्लं, हात धुतले आणि राहिलेला माल तपासायला बसली.

ब्रेकनंतर आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. तिला आलं नाही. मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "वरून नाव आलं नाही." वर म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही. बसमधल्या तिच्या जागेवर आता कुणीही बसू लागलं. मला त्याचा फार राग यायचा.

पुढे मावसबहिणीकडे दौंडला गेले होते, तेव्हा बाजारात वैशाली दिसली. एका किराणा दुकानापुढे पिशवी घेऊन उभी. मी हाक मारणार, तेवढ्यात दुकानदाराने तिच्याकडे धड न बघताच दहाची नोट पुढे केली. वैशालीचा हात गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने ती नोट घेतली आणि शांतपणे वजनकाट्याशेजारी ठेवली.

"दादा, मी गिऱ्हाईक हाय."

दुकानदाराने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "काय देऊ, ताई?"

"शेंगदानं. अर्धा किलो."

मला बघून ती धावतच आली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एकाकडे कामाला लागलेय, म्हणाली. "त्यो बी कवा नको म्हनंल, सांगता येत न्हाई. आन् कार्ड न्हाई देत." बोलता बोलता तिने पुडी उघडून माझ्यापुढे धरली. डोळे भरले होते, पण हसत होती.

"पर बघितलं न्हवं, मंगलताई? कार्डाबिगर बी जमलं की."