गाय नसलेलं मुखपृष्ठ

दुःखाचं चित्र काढायला घेतलं की काकांना हसू फुटायचं. पेन्सिल थरथरायला लागायची, मग ते खोडरबर उचलायचे. "अजून एक रेघ कमी करू, बाई," म्हणायचे आणि पुन्हा खिदळायचे.

केजच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचे, आमचे चित्रकार काका लिनोच्या रबरासारख्या तुकड्यांवर चित्रं कोरून ठसे करायचे. लग्नपत्रिकेतला गणपती गंभीरपणे कोरत, निधनवार्तेतली समई हसत हसत. चार जण गप्प बसले की ज्याला हसू आवरत नाही, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. छापखाना आता नाही. काकाही नाहीत.

दुष्काळात दूध संघाच्या अंकाचं मुखपृष्ठ करायला आलं. काकांनी पुस्तकबांधणीतल्या बायकांना ओळीनं जमिनीवर बसवलं. "गाय विकून आलाय, असं बसा." एकीनं डोळ्याला पदर लावला. "पदर न्हाई. तोंड भिंतीकडं करा. मला पाठ पायजे."

दुःखी पाठ कशी करायची, कुणाला कळेना. सगळ्या पाठी हसून गदगदायला लागल्या. काका म्हणाले, "हां, रडतानाबी अशीच हालती."

चित्र झालं. उजव्या कोपऱ्यात खाली बाईची पाठ, एकाच वाकलेल्या रेघेची. डावीकडं खुंटा आणि त्याचं मोकळं दावं, बाईपर्यंत न पोचता मध्येच थांबलेलं. बाकी पान कोरं. मला ते अर्धवट वाटलं. चहा पिऊन परत पाहिलं, तर नजर दाव्यावरून निघून कोऱ्या जागेतच जाऊन पडत होती. मी कामाला लागले.

संघाचे चेअरमन आले.

"गाय कुठं हाय?"

"विकली."

"आन् एवढी जागा मोकळी कावून? कागद आमचा हाय."

"गाय लई मोठी होती, साहेब."

चेअरमन हसले नाहीत. गाय घाला, नाहीतर चित्र रद्द आणि तिथं त्यांचा फोटो. फोटोचा ठसा त्यांनी पिशवीतून आणलाच होता.

काकांचा चेहरा उतरला. "बाई, मधी गाय उभी केली तर हिला रडायला काय झालं?" म्हणाले, आणि वेगळ्या तुकड्यावर गाय कोरायला बसले.

दुसऱ्या दिवशी प्रूफ निघालं. गाय हसत होती.

"ही हसती कावून?" चेअरमननी विचारलं.

"सुटली म्हणून असंल."

मशीनवाला फिसकन हसला, मग बांधणीतल्या बाया, मग खुद्द चेअरमन, पोट धरून. "काढा ती. लोक मला चिडवतील." त्यांना फोटो आठवायच्या आत मी गायीचा ठसा चौकटीतून सोडवला आणि मशीन सुरू करायला लावलं.

मुद्दाम हसवलीत का, मी काकांना विचारलं. "माझ्याच्यानं गाय जमतच न्हाई," म्हणाले. खरंही असेल, त्यांचे बैलसुद्धा हसरेच निघायचे.

अंक वाटायला आम्ही संघाच्या जीपमधून युसूफ वडगावजवळच्या चारा छावणीत गेलो. काका वाटभर ड्रायव्हरला हसवत होते. छावणीत एक बाई बैलांपाशी बसली होती. तिनं अंक घेतला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हिची कोणती गाय गेली? देवणी का लालकंधारी?"

काकांना तोडीस तोड उत्तर नेहमीच सुचायचं. या वेळी त्यांनीच विचारलं, "तुमची कोणती?"

"देवणी. कान असे पडलेले."

काका तिच्याजवळ खाली बसले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मीही हाक मारली. त्यांनी हातानंच, तुम्ही जा, अशी खूण केली.

जीप वळली तेव्हा ती बाई कोऱ्या कागदावर बोट फिरवून कान, पाठ, शेपूट दाखवत होती. काका मान वाकवून पाहत होते.