आमच्या शेडमध्ये कोणीच कामाला नव्हतं

सगळ्याला जबाबदार आमचा मामा. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरातली मोठी माणसं अजून 'ग्रह फिरले' म्हणतात. ग्रह कसले, मामा फिरला! आणि टॅक्सवाल्यांच्या तावडीत सापडलो मी.

नागापूर एमआयडीसीत मामाची प्रेसची शेड आहे. पत्रा कापून पार्ट काढायचे. माणसं वीस-बावीस, कागदावर चारच. बाकीच्यांना शनिवारी रोख पगार. डिप्लोमा अर्धवट सोडून मीही त्या 'बाकीच्यां'त शिरलो. असल्या जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. मशीनखाली पत्र्याच्या कातरणासारखे आपोआप साचतात आणि हात घातला की कापतात.

*

टॅक्सवाल्यांची पांढरी गाडी दिसली की पळायचं, हा आमचा नियम. गेटवरचा चहावाला शिट्टी मारायचा. प्रेस बंद, आणि कागदावर नसलेली सगळी माणसं मागची भिंत ओलांडून शेजारच्या प्लॉटातल्या बाभळीत!

एकदा असेच पळालो. गाडीतून उतरले राहुरीचे पाहुणे, मामाच्या पोरीला बघायला आलेले. म्हणाले, आधी कंपनी दाखवा. आत चार माणसं आणि थंडगार मशिनी! मुलाचा बाप मामाला हळूच म्हणाला, "पाव्हणं, कंपनी बंद पडून किती दिस झालं?"

*

मग एकदा खरी गाडी आली. साहेबानं प्रेस मोजल्या. "चार माणसं आठ प्रेस कशी चालवतात हो?"

मामा म्हणाला, "साहेब, आपली पोरं लई कामसू हायेत!"

आम्ही बाभळीत श्वास रोखून बसलेलो. तेवढ्यात सुखदेवचा मोबाईल वाजला. सुखदेव म्हणजे आमचा सगळ्यात चांगला प्रेस ऑपरेटर. गडी घाबरून मोबाईलवरच बसला!

साहेब जागचा हलला नाही. भिंतीकडं बघून एवढंच म्हणाला, "तुमच्या बाभळीला रेंज चांगली आहे." आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

*

सुखदेवला गाडीसाठी कर्ज हवं होतं. बँकेनं नोकरीची खात्री करायला शेडवर फोन लावला. मामाला वाटलं, टॅक्सवालेच!

"सुखदेव? ह्या नावाचा माणूस आमच्याकडं न्हाई! कवाच नव्हता!"

सुखदेव समोरच उभा, कोपरापर्यंत ऑइल. मामानं फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "शेठ, मंग सकाळधरनं प्रेस कोन चालवतंय?"

*

साहेब येऊन गेल्यावर मामा सीएकडं पळाला. रोख पगार कागदावर नाही, म्हणजे खर्च दिसत नाही. खर्च दिसत नाही, म्हणजे नफा फुगलेला, आणि टॅक्स त्या फुगलेल्या नफ्यावर! सीएनं तोड काढली: एक लेबर कॉन्ट्रॅक्टर दाखवा.

मामा आमच्या घरी आला, मटण ओरपलं, हात पुसले आणि म्हणाला, "भाच्या, तुझं पॅन कार्ड दे जरा."

मी वडिलांकडं बघितलं. रिटायर्ड मास्तर. वाचल्याशिवाय कशावर सही करू नका, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. मला म्हणाले, "दे रे. मामा आहे, परका आहे का?"

तेव्हापासून कागदावर कॉन्ट्रॅक्टर मी, आणि लेबरचे पैसे माझ्या खात्यावर. मी ते काढून मामाच्या हातात द्यायचो आणि मामा वाटायचा.

*

शेवटी टॅक्स ऑफिसातून बोलावणं आलं, माझ्या नावानं. आई दाराची कडी वाजली तरी दचकायला लागली. मामा म्हणाला, "मी येतो ना संगं!"

मामाचा दंड धरून ऑफिसचा जिना चढलो. तो कानात म्हणाला, "गाढवा, तोंड उघडू नको. मी बोलतो."

साहेबानं मला विचारलं, "एवढे पैसे तुमच्या खात्यावर आले. पुढं कोणाला दिले? कामगारांची नावं सांगा."

कामगार तर कागदावर नव्हतेच. मी मामाकडं बघितलं.

मामा उठला. स्वतःची खुर्ची माझ्यापुढं सरकवली आणि हात जोडले.

"बसा ना शेठ. मानसं तुमची, पैसं तुमच्या खात्यावर. आमाला काय ठाव? तुमीच सांगा साहेबांना."

ते सगळे पैसे माझीच कमाई धरले गेले, आणि टॅक्स आणि दंड माझ्या नावावर निघाला. तो भरायला आईची मिरजगावची दीड एकर जमीन विकली.